दवाखान्यातली लायब्ररी: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ग्रंथपाल आहे, १७ वर्षं झाली. कॉलेजला जोडून मोठा दवाखाना आहे त्यामुळं माझ्याकडं पोरं येतात, पुढचं शिकणारे रेसिडेंट डॉक्टर येतात, सिस्टर येतात, आणि वाट चुकलेले नातेवाईकपण येतात. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवायलेय.

दवाखान्यात लायब्ररी कशाला पाहिजे? माणूस तिथं बरा व्हायला येतो, वाचायला थोडंच येतो?

हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या नणंदेनं पण विचारलाय. तिला जे सांगितलं तेच इथं सांगते.

ऑगस्टचा महिना होता, फवारणीचे दिवस. संध्याकाळी साडेसहाला मी कुलूप लावायच्या बेतात असताना मेडिसिनचा एक रेसिडेंट पळत आला, हातात काळ्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली. लेबल अर्धं निघालेलं, उरलेलं ओलं होऊन फुगलेलं, आणि त्या बाटलीचा वास अख्ख्या काउंटरवर पसरला. आपल्याकडं विष प्यालेले पेशंट नेहमीच येतात आणि बहुतेक वेळा ते कीटकनाशक असतं, ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं, त्याला अ‍ॅट्रोपिन देतात, हे इंटर्नला पण झोपेत पाठ असतं. पण लेबलवर जी चार-पाच अक्षरं शिल्लक होती ती त्याच्यात बसत नव्हती. आम्ही दोघांनी ट्यूबलाइटखाली धरून ती वाचली, तर ते तणनाशक निघालं, पॅराक्वाट.

मग मी शोधायला बसले. पॅराक्वाटवर उतारा नाही. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की धाप लागलेल्या पेशंटला आपण हात जातो तसा सरळ ऑक्सिजन लावतो, पण पॅराक्वाटमध्ये ऑक्सिजननं फुप्फुसाची इजा वाढते, म्हणून रक्तातला ऑक्सिजन खरंच फार खाली गेल्याशिवाय लावायचा नसतो. हे सगळं हातात यायला १५ मिनिटं लागली. पोरानं पानांचे फोटो काढले आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत गेला.

पेशंट चौथ्या दिवशी गेला. ३१ वर्षांचा होता. पॅराक्वाटमध्ये फार थोडे वाचतात. पण त्या रात्री त्याला चुकीचं काही दिलं गेलं नाही, आणि त्याच्या बापाला पहिल्याच रात्री खरं काय ते सांगता आलं, त्यामुळं त्यांनी कर्ज काढून पेशंटला पुण्याला-मुंबईला पळवलं नाही, बहिणी येऊन भेटून गेल्या. माझ्या लेखी लायब्ररीचा उपयोग म्हणजे हे. वॉर्डात प्रश्न पडतो, त्याचं उत्तर जगात कुठंतरी छापलेलं असतं, आणि ते पेशंट जिवंत आहे तोवर वॉर्डात पोचलं पाहिजे.

मोबाईलवर गूगल आहे, आता एआय पण आहे. मग लायब्ररी काय करणार?

गूगल मी पण वापरते, त्यात काही वाईट नाही. पण गूगल तुम्हाला जे जास्त लोकांनी बघितलं ते वर दाखवतं, जे खरं आहे ते वर येईलच असं नाही.

आमचं मुख्य हत्यार पबमेड, वैद्यकीय जर्नलांतले, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांतले, लेख शोधायची वेबसाइट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं ते १९९७ साली सगळ्या जगाला फुकट खुलं केलं, आज त्यात साडेतीन कोटींच्या वर लेखांच्या नोंदी आहेत. पण समुद्र मोठा आहे म्हणून मासा घावतोच असं नाही. एकानं लेखात हार्ट अटॅक लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं मायोकार्डियल इन्फार्क्शन, तिसऱ्यानं नुसतं एमआय. तुम्ही एक शब्द टाकला की बाकीचे सुटायची भीती. म्हणून त्या लायब्ररीनं १९६० पासून प्रमाण शब्दांची यादी ठेवलीये, तिला मेश म्हणतात, आणि लेखाला त्या यादीतले शब्द लावलेले असतात. मेश धरून शोधलं की तीनही नावांचे लेख एका जाळ्यात येतात. हे शिकायला एक दुपार लागते आणि मी ती दुपार कुणालाही द्यायला तयार आहे, नुसतं या.

एआयचं सांगायचं तर, मागच्या वर्षी एका पोरानं थिसिससाठी रेफरन्सची यादी आणली, सुंदर, सगळी नावं, वर्षं, पानं छापल्यासारखी. मी एकेक तपासत गेले तर त्यातले काही लेख जगात अस्तित्वातच नव्हते. जर्नल खरं, लेखक खरा, लेख खोटा. पोराची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे यंत्र असं बिनदिक्कत रचून देतं. एआयकडून समजून घ्या, सोपं करून घ्या, पण रेफरन्स घेतला तर तो उघडून, डोळ्यांनी बघून मगच लिहा.

आणि मागं घेतलेले लेख ही वेगळीच डोकेदुखी आहे. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा लेख लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये १९९८ ला आला आणि २०१० ला लॅन्सेटनंच तो मागं घेतला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर तो अजून फिरतोय आणि तान्ह्या लेकराची आई तो वाचून लस टाळायलीये. लेख मागं घेतलाय का, हे पबमेडवर वरच लाल पट्टीत लिहिलेलं असतं, ते बघायची सवय लावणं हे पण आमचंच काम.

याचा खरंच फायदा होतो, याला काही पुरावा आहे का, का तुम्ही आपलं म्हणताय?

आहे. अमेरिकेत रॉचेस्टर भागातल्या १५ हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांना असं सांगितलं की एका खऱ्या पेशंटबद्दलचा प्रश्न तुमच्या लायब्ररीला विचारा आणि मग काय झालं ते कळवा. १९९२ साली ते छापून आलं. २०८ डॉक्टरांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या ८० टक्क्यांनी सांगितलं की मिळालेल्या माहितीमुळं आम्ही उपचारात काही ना काही बदल केला किंवा बहुतेक केला. कुणी औषध बदललं, कुणाचं निदानच बदललं. २०१३ मध्ये त्याहून कितीतरी मोठा अभ्यास आला, १६ हजारांच्या वर लोकांचा, त्यात डॉक्टरांच्या जोडीला नर्सेस पण होत्या, तिथंही पाऊणभर लोकांनी तेच सांगितलं.

आपल्याकडं असं मोजायला पाहिजे. मी माझ्या पातळीवर एक वही ठेवलीये, कुणी काय विचारलं, काय दिलं, पुढं काय झालं. पेशंटचं नाव त्यात कुठंच नाही, नुसता प्रश्न.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, दंड वसूल करणं, एवढंच ना?

नाही हो. दंडाचं काम आता कॉम्प्युटर करतो.

खरं काम प्रश्न नीट करण्याचं असतं. रेसिडेंट येतो आणि म्हणतो, "मॅडम, डायबेटिसवर काहीतरी द्या ना." डायबेटिसवर काहीतरी म्हणजे मी ट्रक भरून देऊ शकते. मग मी त्याला खुर्ची देते, पाणी देते आणि चार गोष्टी विचारते: पेशंट कोण आहे, तुला नेमकं करायचंय काय, ते नाही केलं तर दुसरा पर्याय काय आहे, आणि शेवटी तुला काय साधायचंय. दहा मिनिटांनी त्या डायबेटिसचा असा प्रश्न होतो की ६० वर्षांच्या, पायाला जखम असलेल्या, किडनी थोडी कमी काम करणाऱ्या बाईला अमुक गोळी चालू ठेवावी का बंद करून इन्सुलिनवर आणावं. आता हे शोधता येतं. आणि पुष्कळदा असं होतं की प्रश्न नीट झाला की पोराला उत्तर तिथंच सुचतं आणि तो काही न घेताच जातो, त्याचा पण मला आनंदच असतो.

अमेरिकेत १९७१ मध्ये मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात गर्ट्रूड लँब नावाच्या बाईंनी ग्रंथपालाला डॉक्टरांबरोबर थेट वॉर्डातल्या राउंडला पाठवायला सुरुवात केली, म्हणजे प्रश्न जिथं पडतो तिथंच ग्रंथपाल उभा. आपल्याकडं हे अजून फारसं रुजलेलं नाही. मी काही दिवस बालरोगच्या राउंडला गेले होते, एका मॅडमनी बोलावलं म्हणून. पहिल्या दिवशी कोपऱ्यात वही घेऊन उभी, सगळ्यांना वाटलं इन्स्पेक्शनला कुणीतरी आलंय. तिसऱ्या दिवसापासून पोरं स्वतःहून म्हणायला लागली, मॅडम हे लिहून घ्या.

मी स्टाफ नर्स आहे. मला येऊ देतात का? का फक्त डॉक्टरांसाठी आहे?

या, बिनधास्त. पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ तुम्ही असता, सगळ्यात चांगले प्रश्न तुम्हालाच पडतात. झोपून असलेल्या पेशंटची कूस किती तासांनी बदलायची, कॅथेटरची काळजी कशी घ्यायची, यावर ढीगभर अभ्यास झालेत. नर्सिंगची पुस्तकं वेगळ्या कपाटात आहेत, दारातून आत आलं की उजव्या हाताला. फिजिओथेरपी, लॅब, फार्मसीवाल्यांना पण हेच लागू.

नातेवाईकांना लायब्ररीत प्रवेश आहे का?

नियमानं आमची लायब्ररी विद्यार्थी आणि स्टाफसाठी आहे. पण दारात आलेल्या माणसाला मी परत पाठवत नाही.

एक काका आले होते, धोतर, टोपी, हातात डायलिसिसची फाइल. म्हणाले, "बाई, डॉक्टर लई गडबडीत सांगायलेत, ध्यानात राहिना गेलंय. इथं पुस्तकं हायत म्हनून आलो, काय खायाला द्यावं ते बगा की." मी विचारलं आत्ता काय देताय. तर ते रोज सकाळी स्टँडजवळून बायकोसाठी शहाळं आणत होते. आजारी माणसाला शहाळं द्यायचं असतं हे आपण लहानपणापासून बघतो, त्यांनी प्रेमानंच आणलं होतं. आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात ते साठत गेलं की काळजाचे ठोके बिघडतात, जीव पण जाऊ शकतो.

मी डॉक्टर नाही. मी त्यांना ते आणू नका असं माझ्या मनानं सांगितलं नाही, लगेच डायलिसिसच्या सिस्टरला फोन लावला, तिनं स्वतः येऊन त्यांना समजावलं. नंतर आहारतज्ज्ञ मॅडमनी केलेला मराठी कागद होता त्याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली, केळी, शेंगदाणे, शहाळं यांच्यावर फुली, भाजी चिरून पाण्यात भिजवून ते पाणी टाकून मग शिजवायची, असं सगळं. आणि एका कोऱ्या कागदावर त्यांनी मला त्यांचे प्रश्न लिहायला लावले, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायला. पाच प्रश्न होते. तो कागद त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला.

म्हणजे मर्यादा अशी: आम्ही निदान सांगत नाही, गोळी सांगत नाही, रिपोर्ट वाचून दाखवत नाही. भरवशाची माहिती देतो आणि ती घेऊन परत डॉक्टरांकडंच पाठवतो. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पेशंटसाठी असा एक कोपरा, चार खुर्च्या, मराठी माहितीपत्रकं आणि ती समजावणारं एक माणूस पाहिजे. त्याला फार खर्च पण येत नाही.

मराठीत काही आहे का? पोरगा मराठी मीडियमचा आहे, पहिल्या वर्षाला, फार घाबरलाय.

घाबरू नका. आपल्या भागातली पुष्कळ पोरं अशीच येतात, झेडपीच्या शाळेतून, मग लातूरला क्लास, मग नीटची परीक्षा, आणि इथं आल्यावर एकदम हजार पानांचं इंग्रजी पुस्तक समोर. पहिले तीन महिने जड जातात. त्याला माझ्याकडं पाठवा, मेडिकल डिक्शनरी आणि चित्रांचा अ‍ॅटलास घेऊन बसवते. शब्दांची फोड कळली की निम्मी भीती जाते: कार्डि म्हणजे हृदय, हेपॅट म्हणजे यकृत, आयटिस म्हणजे सूज, एक्टमी म्हणजे कापून काढणं. अशा शंभरेक तुकड्यांची यादी मी करून ठेवलीये. पुस्तकं परवडत नसतील तर बुक बँकेचं पण विचारा, लाजू नका.

मराठीतलं वैद्यकीय साहित्य थोडं आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातल्या वैद्यकाच्या नोंदी भाषा पक्की करायला चांगल्या आहेत, पण उपचारासाठी त्यावर विसंबू नका, बऱ्याच नोंदी जुन्या आहेत.

पुस्तकांच्या पाठीवर ती डब्ल्यूएस, क्यूएस अक्षरं कसली?

वर्गीकरण आहे. क्यूएस शरीररचना, क्यूव्ही औषधशास्त्र, डब्ल्यूएस बालरोग, डब्ल्यूक्यू प्रसूती, डब्ल्यूओ सर्जरी. कृपा करून पुस्तक काढलं की परत रॅकवर स्वतः ठेवू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं.

जर्नलं एवढी महाग असतात, छोट्या कॉलेजनं घ्यायची कशी?

पूर्वी हा फार रडका विषय होता. सरकारी संस्थांसाठी आता मोठा बदल झालाय. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, म्हणजे जर्नलांची वर्गणी सरकार एकत्र भरणार आणि संस्थांना ती वाचायला मिळणार, ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं, आणि ६,३०० च्या वर सरकारी संस्था. २०२५ च्या जानेवारीपासून सुरू आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी १९५६ पासूनचं जुनं कॉलेज, त्याच्या जोडीला अंबाजोगाई, नांदेड, लातूर, आणि आता धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना अशी नवी सरकारी कॉलेजं झालीत, तिथल्या पोरांनी आपल्या ग्रंथपालाला पहिल्याच आठवड्यात विचारावं की आपलं लॉगिन कुठंय. हक्काचं आहे ते. खाजगी कॉलेजांना यात जागा नाही, ही गोष्ट मला खटकते, कारण त्यांच्या दवाखान्यात येणारा पेशंट पण आपल्याच गावचा असतो.

फुकट पण पुष्कळ आहे. पबमेड सेंट्रलवर अख्खे लेख वाचता येतात, इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स आहे, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च आहे जे १९१३ पासून निघतंय. एक जपा मात्र: पैसे भरा, आठवड्यात लेख छापतो, असा मेल आला तर आधी मला दाखवा. त्यात पैसे गेलेली पोरं मी पाहिलीत.

मी तालुक्यापासून २० किलोमीटर आत पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आहे. मला याचा काय उपयोग?

तुम्हालाच जास्त. शहरात शेजारच्या खोलीत सिनियर असतो, तुमच्याकडं रात्री नुसती सिस्टर आणि शिपाई.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण मी नेहमी देते. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. कोकणात महाडकडं नोकरी करताना विंचू चावलेली माणसं मरताना बघून त्यांनी एकेक पेशंटची लक्षणं टिपून ठेवली, आणि १९८२ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढं प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवलं, २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची चाचणी आली, २०२२ ला पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यातलं निरीक्षण जगात गेलं. आता तेच ज्ञान उलट दिशेनं तुमच्या पीएचसीत यायला पाहिजे, कारण विंचू आपल्या ढेकळात पण आहे. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालाचा नंबर घेऊन ठेवा. मी तरी लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तुमचं नेट नीट चालत नसेल तर मुद्द्याचं पान तेवढं फोटो काढून.

जुनी बांधीव जर्नलं जागा अडवतात. रद्दीत घातली तर काय बिघडतं?

यावर मी जरा जास्त बोलते, माफ करा.

इथं यायच्या आधी मी एका ठिकाणी होते. तिथं काचेची कपाटं, किल्ली एकाच बाबूकडं, आणि कपाटं उघडायची ती इन्स्पेक्शनच्या दिवशी. एका पावसाळ्यात छत गळालं, खालच्या दोन फळ्या भिजल्या. मी म्हणाले पंख्याखाली पसरवू, मधे कागद घालू, वाळतील. सुट्टीवरून परत आले तर टेम्पो येऊन गेला होता. भिजलेली गेलीच, कोरडी पण गेली, वजनावर. १९५० नंतरची सलग जर्नलं होती ती. फरशीवर फळ्यांचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते.

यानं काय बिघडतं ते २००१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जगानं पाहिलं. दम्यावरच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवक तरुणीला हेक्सामेथोनियम नावाचं औषध श्वासातून दिलं, तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि ती वारली. संशोधकांनी पबमेडवर शोधलं होतं, पण तेव्हा त्यातल्या नोंदी १९६६ पासूनच्याच होत्या. आणि हे औषध फुप्फुसाला इजा करतं हे १९५० च्या दशकातल्या लेखांत छापलेलं होतं, जुन्या खंडांत, शेल्फवर. एखाद्या मुरलेल्या ग्रंथपालाला कुणी विचारलं असतं तर तिनं मागची वर्षं पण काढायला लावली असती.

म्हणून काढायचं असेल तर आधी ते ऑनलाइन पूर्ण मिळतंय का ते तपासा, यादी करा, दुसऱ्या कॉलेजला पाहिजे का विचारा. मग ठरवा.

वडील डॉक्टर होते, त्यांची पुस्तकं घरी पडून आहेत. लायब्ररीला देऊ का?

द्या, पण आधी यादी पाठवा. औषधांची जुनी पुस्तकं आम्ही वाचायच्या रॅकवर ठेवत नाही, डोस बदललेले असतात, कुणी घाईत बघितलं तर चूक होईल. शरीररचनेची चालतात. आणि त्यांच्या हातच्या नोंदवह्या असतील तर त्या अजिबात टाकू नका. औशाकडच्या एका जुन्या डॉक्टरांच्या मुलीनं अशा ११ वह्या आणून दिल्या, शाईच्या पेनानं लिहिलेल्या, कुठल्या वाडीत कुठल्या महिन्यात किती जुलाबाचे पेशंट, विहिरीला पाणी किती होतं, हे सुद्धा. पेशंटची नावं झाकून त्या स्कॅन करायचं काम सध्या चालू आहे, चौथी वही संपत आलीये.